दाबूआत्याचा ब्रेक

रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की लोक हात करतात. दाबूआत्या सायकलींशी हात मिळवायची. भिंतीला टेकवलेली, खांबाला साखळीने बांधलेली, कुणाच्या दारात उभी असलेली, कुठलीही सायकल दिसो, चालता चालता तिचा ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय हिला पुढे जाववत नसे. ब्रेक चांगला निघाला तर ती गप्प. वाईट निघाला तर मालकाचा शोध सुरू, आणि मालक सापडला की त्याची धडगत नसे. एकदा बँकेच्या पहारेकऱ्याने तिला सायकलचोर समजून हटकलं. तिने त्याला त्याचीच सायकल दाखवली आणि सुनावलं, "चोराची काळजी नंतर करा, आधी स्वतःची करा. उतारावर ही तुम्हाला थेट नदीत नेईल." दुसऱ्या दिवशी पहारेकरी सायकल घेऊन तिच्या दुकानात हजर होता.

‘दाबू’ हे नाव तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, लहानपणी चिडवायला ठेवलेलं. ती चिडली नाही, म्हणून ते टिकलं. पुढे दादाच्या मुलीने त्याला ‘आत्या’ जोडलं आणि ती सगळ्या गल्लीची दाबूआत्या झाली. लग्न तिने केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, "मला थांबवेल असा कुणी भेटला नाही." हळूहळू विचारणारेच थांबले.

दुकान वडिलांचं. ते गेले तेव्हा दादा पाणीपुरवठा खात्यात चांगला रुळला होता, त्यामुळे दुकान कोण चालवणार हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नाही. नातेवाइकांना पडला. "बाईमाणूस होऊन हात काळे करत बसणार का?" असं एक काका म्हणाले. "मग काय, तुमचे करू?" असं विचारून तिने शटर वर केलं, ते आजतागायत वर आहे.

खोली लांबट, बोळासारखी. डाव्या भिंतीवर सायकली टांगायचे हूक, उजव्या भिंतीवर पाने आणि पकडी, प्रत्येकाच्या मागे त्याच्याच आकाराची रंगवलेली सावली. एखादी पकड जागेवर नसली की भिंतीवर नुसती सावली दिसायची आणि आत्याचा आवाज चढायचा. टेबलाच्या वर, शिरा ताणून ओरडायला लागू नये म्हणून, तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली एक पाटी होती: ‘चाक नसताना ब्रेक दाबू नये. दाबल्यास बोलणी बसतील.’ ही पाटी का लावली हे पुढे येईलच. बोलणी मात्र बऱ्याच जणांना बसली होती.

दादाचं काम रस्त्याखालच्या नळांमधली गळती शोधायचं. एक लांब लोखंडी सळई घ्यायची, एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. जाणारे-येणारे हसायचे. दादाला मात्र मातीखाली कुठे पाणी सुसकारतंय ते वीतभर इकडेतिकडे न होता कळायचं. वहिनी म्हणायची, "बापाने एकाला कान दिले, एकीला बोटं दिली. वाटणीवरून भांडण नाही झालं ते बरं."

भांडण झालं ते डिस्क ब्रेकवरून.

खरं तर हे ब्रेक आले तेव्हा आत्यानेच नाक मुरडलं होतं. आयुष्यभर तिने तारेचे ब्रेक ताणले होते, रबराचे ठोकळे रिमला लागतात तसले. चाकाच्या मधोमध ताटली बसवून सायकल थांबवायची म्हणजे तिला थट्टा वाटली. मग एका डॉक्टरांची रोडची, म्हणजे बारीक टायरची, वेगाची सायकल दुकानात आली. आत्याने सवयीने हात मिळवला आणि तशीच उभी राहिली. तारेचा ब्रेक दाबताना तार कुरकुरते, कुठेतरी अडते, मग लागते. इथे काहीच अडलं नाही. एक बोट, थोडासा दाब, आणि चाक हलेना. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती ही.

आत गंमत साधी आहे. हँडलवरची लिव्हर दाबली की बारीक नळीतलं तेल पुढे ढकललं जातं. ते तेल चाकापाशी बसवलेल्या पकडीतले दोन छोटे दट्टे बाहेर ढकलतं, आणि दट्ट्यांवरचे पॅड त्या ताटलीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. तेल दबत नाही, म्हणून बोटाचा सगळा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला की ब्रेक पावासारखा मऊ लागतो.

डॉक्टरांचा पुढचा ब्रेक चांगला होता, मागचा मात्र तसाच मऊ. आत्याने छाती पुढे काढून सांगितलं, "उद्या न्या." ब्रेकचं तेल ते ब्रेकचं तेल, असं म्हणून तिने स्कूटरचं तेल भरलं. त्या ब्रेकला मिनरल ऑइल लागत होतं, आणि स्कूटरचं तेल त्याच्या रबरी कड्यांना विष. कड्या फुगल्या, दट्टे अडकले, आणि ब्रेक लागला तो सुटेचना. आत्याने डॉक्टरांना तोंडावर सांगितलं की चूक माझी, नवा ब्रेक बसवून दिला, आणि त्या दिवसापासून लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तेलाच्या बाटलीला हात लावला नाही. दोन्ही तेलं दोन वेगळ्या कपाटांत गेली. ती चुका करत नसे असं नाही, एक चूक दोनदा करत नसे. यावरच तिचा सगळा तोरा होता, आणि तो तिला शोभायचा.

वर्षभरात आजूबाजूच्या रोडवाल्या सायकली तिच्याकडे येऊ लागल्या. हवा काढायला बसली की दुकानात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. खालून इंजेक्शनच्या सिरिंजने तेल चढवायचं, पान्याच्या दांड्याने नळीवर टिचक्या मारत वर यायचं, आणि लिव्हरवर बसवलेल्या वाटीत शेवटचा बुडबुडा फुटला की लिव्हरवर फक्त तर्जनी ठेवायची. मग ती म्हणायची, "बोलली." ब्रेक बोलला की काम झालं.

दादाची मुलगी भिंगरी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर, बाकी सगळ्यांना ती भिंगरी, कारण एका जागी बसलेली तिला कुणी पाहिली नव्हती. ती चिखलातल्या सायकल शर्यती खेळायची. सायक्लोक्रॉस म्हणतात त्याला. सायकल दिसते रोडच्या सायकलीसारखी, वळलेल्या शिंगांच्या हँडलची, पण जायचं चिखलातून, गवतातून, उतारावरून. मध्येच फळ्या आडव्या लावलेल्या असतात तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. "सायकल माणसाला नेते का माणूस सायकलीला, ते एकदा ठरवा," असं दादा म्हणायचा. पण पोरगी शर्यतीहून आली की चिखलाने माखलेल्या चेहऱ्यावर फक्त दात दिसायचे, आणि ते बघून तोही हसायचा.

मागच्या हंगामात ते हसणं गेलं. मोठ्या उतारावर रिमवर चिखल चढला, तारेचे ब्रेक नुसते घसरले, आणि भिंगरी खालच्या कुंपणावर जाऊन आदळली. खांद्याचं हाड मोडलं. दादा तिथेच उभा होता. त्याने ते पाहिलं, आणि त्याहून वाईट म्हणजे ऐकलं. त्याच्या कानांना विसरता येत नसे.

खांदा भरून आला. पोरगी पुन्हा शर्यतीचं नाव काढू लागली. दादा ते टाळू लागला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर आत्याने विषय काढला.

"तेलाचे ब्रेक लावू. चिखलाला दाद देत नाहीत. ताटली चाकाच्या मध्यावर असते, रिमचा चिखल तिथे पोचत नाही."

"तेल? नळीतून?" दादाने चमचा खाली ठेवला. "दाबू, मी जन्मभर नळ्या ऐकतोय. जिथे नळी तिथे गळती. आज नाही गळली तर उद्या गळेल. आणि माझी पोरगी त्या उतारावर असताना गळेल."

"तुझे नळ सरकारी. माझे ब्रेक मी स्वतः भरते."

"बाबा, एकदा बघा तरी दाबून," भिंगरी म्हणाली.

"मी हात लावणार नाही त्याला."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आत्याला ते कळत होतं, म्हणून ती नेहमीसारखी चढ्या आवाजात बोलली नाही. ती म्हणाली, "एक शर्यत. ब्रेक माझा, जबाबदारी माझी. ब्रेकने दगा दिला तर सायकल माझ्या दुकानात हूकला टांगायची आणि पुन्हा काढायची नाही. मी स्वतः टांगीन."

दादाने मुलीच्या भरून आलेल्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "एक शर्यत. आणि मी येणार."

चिखलाच्या शर्यतीला दोन सायकली लागतात. एक चालवायची, दुसरी वाटेतल्या अदलाबदलीच्या जागेवर धुऊन तयार ठेवायची. पहिली चिखलाने जड झाली की पळतच बदलायची. आत्याने दोन्ही सायकली स्वतः जुळवल्या, चारही ब्रेक स्वतः भरले. चारही बोलले. घोडामैदान जवळच होतं.

शर्यतीच्या दिवशी आभाळ भरलेलं, मैदान तुडवून काला झालेलं. अदलाबदलीच्या जागेच्या लगेच पुढे तोच उतार, खाली तेच कुंपण. दादा त्या कुंपणाकडे पाठ करून उभा राहिला. आत्या मात्र रंगात आली होती. रांगेतल्या प्रत्येक सायकलीशी तिने हात मिळवून घेतला, दोघांना नको असलेले सल्ले दिले, आणि बादली, ब्रश, चाकं मांडून तयार झाली. हंगामातल्या इतर मुलींपेक्षा आपली भिंगरी हळू असेलही, पण थांबण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, हे तिने शेजारच्याला न विचारता सांगितलं.

पहिले दोन फेरे चोख गेले. भिंगरी आली, चिखलाने लडबडलेली सायकल आत्याकडे ढकलली, स्वच्छ सायकल घेतली आणि गेली. दादा श्वास रोखून ऐकत होता. उतारावर ब्रेक लागल्याची ओली, बारीक किंचाळी आली आणि टायर पुढे निघून गेले.

"ऐकलंस?" आत्या म्हणाली.

"ऐकलं," दादा म्हणाला. "अजून फेरे आहेत."

आत्याने आलेली सायकल धुवायला घेतली. पुढच्या टायरमध्ये काटा होता, हवा बसत चालली होती. तिने ती सायकल स्टँडवर चढवली, पुढचं चाक सोडवलं, आणि डाव्या हातात दुसरं चाक घेऊन उभी राहिली. तेवढ्यात दादाने विचारलं, "इतक्या पाण्याचिखलात ते तेल गारठून मऊ पडलं तर?"

गप्प बसून चाक बसवलं असतं तर काही झालं नसतं. पण गप्प बसली तर ती दाबूआत्या कसली!

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" ती म्हणाली. "मऊ म्हणतोस? हे बघ." आणि उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबला.

लिव्हर खोल गेली. आत्याच्या कपाळाला आठी पडली. तिने पुन्हा दाबली. थोडी वर आली. अजून एकदा दाबली, तेव्हा दगडासारखी लागली. "बघ, लागला की नाही!" असं म्हणून तिने विजयाने भावाकडे पाहिलं, आणि मग त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं. तो तिच्या डाव्या हातातल्या चाकाकडे बघत होता.

मध्ये ताटली नसली की पॅडना धरायला काही नसतं. दाबाल तितके ते पुढे सरकतात आणि एकमेकांना जाऊन चिकटतात. मग चाकाची ताटली त्यांच्यामध्ये शिरत नाही. दुकानात कालपरवा आलेलं माणूससुद्धा ही चूक एकदाच करतं, कारण नंतर पाटी वाचतं. पाटी ज्या बाईने रंगवली तिने ती एकामागून एक तीन दाबांत केली होती, तीसुद्धा मुद्दाम दाखवायला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"आत्या! चेन अडकतेय! आता आले की सायकल बदलणार!" भिंगरी मैदानाच्या पलीकडच्या वळणावरून ओरडत गेली.

एका क्षणात आत्याच्या डोळ्यांसमोर दुकानातला हूक आला, त्याला टांगलेली सायकल आली, आणि त्या सायकलीकडे न बघता जाणारी पोरगी आली. काहीतरी अडकलंय, खडा गेलाय, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ते खोटं तिच्या तोंडून निघेना.

"दादा, ब्रेकचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "मी चुकले. चाक नसताना दाबला. पॅड मिटलेत."

दादा म्हणाला, "पाटी दुकानातच राहिली वाटतं."

त्या वाक्याने आत्याचे हात मोकळे झाले. भाऊ चिडवतोय म्हणजे जग जागेवर आहे. "बोलणी नंतर," ती म्हणाली. "आधी हँडल धर, हलू देऊ नकोस."

"मी त्याला हात..."

"धर म्हणते ना!"

दादाने हँडल धरलं. आत्याने बोटं स्वच्छ फडक्याला पुसली, कारण तेलकट बोट पॅडला लागलं की ब्रेक गेलाच समजा. टायर काढायची प्लास्टिकची पट्टी तिने दोन पॅडच्या फटीत अलगद सरकवली आणि इकडे थोडं, तिकडे थोडं, असं हळूहळू दट्ट्यांना मागे ढकलू लागली. घाईने एकच बाजू रेटली असती तर दट्टा वाकडा बसला असता. शेजारी सायकली येत होत्या, जात होत्या, पाणी उडत होतं, माणसं नावं घेऊन ओरडत होती. आत्या बुडबुडा काढायला बसावी तशी बसली होती. पॅड सुटले. चाक आत गेलं. तिने आस पिळून घट्ट केला.

"आता दाब."

"मी?"

"माझे दोन्ही हात खाली आहेत. तू दाब!"

दादाने दाबला. लिव्हर सरळ हँडलला जाऊन टेकली. "दाबू, ही रिकामी आहे! काहीच नाही हिच्यात!"

"दट्टे मागे गेलेत, त्यांना पुन्हा पुढे यायचंय. नळ दुरुस्त केल्यावर पहिलं आलेलं पाणी तू पितोस का?"

हे दादाला कळलं. जन्मभराच्या सळईने त्याला जे शिकवलं होतं ते त्याने ऐकलं. त्याने पुन्हा दाबला. लिव्हर अर्ध्यावर थांबली. पुन्हा दाबला. मग त्याने डोळे मिटले, रस्त्यावर उभा राहतो तसे, आणि एका बोटाने अगदी सावकाश दाबला. आत काही सुसकारत नव्हतं. कुठे सुटत नव्हतं. बोटाखाली आलं ते घट्ट होतं आणि घट्टच राहिलं.

"बोलली," तो म्हणाला. आपण कुणाचा शब्द वापरला हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

भिंगरी धापा टाकत आली, उडी मारून उतरली आणि तिची सायकल आत्याच्या अंगावर ढकलली. दुसऱ्या सायकलीला हात घालताना तिने नेहमीप्रमाणे आत्याकडे बघून विचारलं, "ब्रेक?"

आत्याने तोंड उघडलं, पण उत्तर दुसरीकडून आलं.

"आहे," दादा म्हणाला. "मी दाबून बघितलाय. जा तू."

पोरगी क्षणभर बापाच्या हाताकडे बघत राहिली, लिव्हरवर होता त्या. मग तिने सायकल घेतली आणि गेली. दादा या वेळी वळला. कुंपणाकडे तोंड करून, उघड्या डोळ्यांनी उभा राहिला. ती उताराच्या तोंडाशी पोचली, खाली झुकली, आणि ब्रेकची ती ओली किंचाळी आली. सायकल वळणावर बसल्यासारखी मंद झाली, वळली, आणि चिखल उडवत निघून गेली. आत्याने भावाच्या दंडाला धरलं होतं, हे तिला ती गेल्यावर कळलं. तिला रडू येत होतं आणि ते लपवायला तिने बादली उचलली.

भिंगरी पहिली आली नाही. शेवटचीही आली नाही. आली ती दोन्ही पायांवर, आणि तिचे दात दिसत होते.

संध्याकाळी तिघं दुकानात आली. दादाने चिखल लागलेली सायकल उचलली आणि भिंतीवरच्या हूकला टांगली. भिंगरीचा चेहरा उतरला. आत्या पुढे झाली.

"दादा, ब्रेकने दगा दिला नाही. मी दिला. टांगायचं तर मला टांग."

"तुला पेलणारा हूक नाही इथे," दादा म्हणाला. "ओली आहे ती. निथळू दे रात्रभर." मग मुलीकडे वळून म्हणाला, "सकाळी सरावाला काढून घे. आणि पुढच्या शर्यतीला हँडल मीच धरणार. ही बोलत बसते."

भिंगरी उडीच मारणार होती, पण बापाच्या गळ्यात पडली. आत्याने फडकं घेऊन उगीचच टेबल पुसायला सुरुवात केली.

निघताना दादा दारापाशी थबकला. तिथे गिऱ्हाइकाची एक सायकल टेकवलेली होती. जाता जाता त्याचा हात तिच्या ब्रेकवर गेला आणि त्याने तो दाबला.

"दादा," आत्या आतून ओरडली, "चाकं आहेत ना दोन्ही?"

"बघून दाबलाय," दादा म्हणाला. "मी काही दाबू नाही."